एलएल.एम.ची सुरुवात मुंबईपासून

बंगळुरूतल्या एका चर्चासत्रात एका ज्येष्ठ वकिलांनी ठणकावून सांगितले, की आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्यात एलएल.एम. करणे ही भारतीय विद्यार्थ्याला न परवडणारी चैन आहे. हेगचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या रोम संविधीने उभे राहिले, तिच्यावर भारताने सही केलेली नाही. मग इथल्या नागरभावीच्या विधी विद्यापीठात बसून न्यूरेंबर्ग आणि रवांडा घोकायचे कशाला? सभागृहात माना डोलल्या. मला हे म्हणणे घातक वाटते, म्हणून त्याचा समाचार घेतो.

आधी त्यांच्या बाजूचे. 17 जुलै 1998 रोजी रोममध्ये 120 देशांनी संविधीच्या बाजूने मत दिले, 7 विरोधात गेले, 21 तटस्थ राहिले. त्या 21 मध्ये भारत होता. आपला मोठा आक्षेप सुरक्षा परिषदेवर होता. परिषद हेगकडे प्रकरण पाठवू शकते आणि चालू तपास बारा महिने रोखूही शकते. म्हणजे जे स्वतः त्या न्यायालयाला बांधील नाहीत, ते इतरांना पिंजऱ्यात उभे करणार! या आक्षेपाला पळवाट म्हणणारे पुष्कळ आहेत; मी म्हणत नाही. परिषदेने 2005 मध्ये दार्फूर आणि 2011 मध्ये लीबिया हेगकडे सोपवले, पण 2014 मध्ये सीरियाचा ठराव रशिया आणि चीनने नकाराधिकाराने पाडला. भारताची भीती खरी ठरली.

पण हेगला जायचे नाही म्हणून घरीही कायदा करायचा नाही, हे यातून कुठे निघते? देशाची न्यायव्यवस्था राजी नसेल किंवा असमर्थ असेल, तेव्हाच ते न्यायालय हात घालते. ज्याला ते दारात नको, त्याने तर आपले घर आधी नीट लावायला हवे. वंशसंहारविरोधी करार आपण 1959 मध्ये स्वीकारला. त्यासाठी वेगळा कायदा आजही नाही. 1 जुलै 2024 ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हा गुन्हा नाही, मानवतेविरुद्धचे गुन्हेही नाहीत. शीखविरोधी हत्याकांडाबद्दलच्या सज्जनकुमार खटल्याच्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये हीच उणीव दाखवली आणि 1984 च्या दिल्लीबरोबर 1993 च्या मुंबईतल्या दंगलींचेही नाव घेतले.

रोमच्या मतदानानंतर काही आठवड्यांतच, ऑगस्ट 1998 मध्ये, मुंबईच्या त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल महाराष्ट्र विधिमंडळात मांडला गेला. त्यातले सुलेमान बेकरीचे प्रकरण वाचावे. 9 जानेवारी 1993 रोजी पोलीस बेकरीत घुसले, माणसे मेली. आतून सशस्त्र हल्ला झाल्याची पोलिसांची कहाणी आयोगाला पटली नाही. 2003 मध्ये न्यायालयाने कारवाईतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला आरोपमुक्त केले. आपल्या कायद्यात गोळी कोणी झाडली, हुकूम कोणी दिला, कट कोणी रचला, हे विचारता येते. रोम संविधीचे अठ्ठाविसावे कलम आणखी एक प्रश्न विचारते: हाताखालची माणसे काय करत आहेत हे वरिष्ठाला ठाऊक होते का, किंवा ते स्पष्ट दाखवणाऱ्या माहितीकडे त्याने जाणूनबुजून काणाडोळा केला का, आणि थांबवण्यासाठी हाती होते ते सगळे केले का? त्या अधिकाऱ्याबाबत उत्तर काय आले असते, हे मी ठरवणार नाही. पण हा प्रश्न विचारण्याची सोयच कायद्यात नसावी, हे मला असह्य वाटते.

म्हणून पहिल्या सत्रात न्यूरेंबर्गच्या आधी श्रीकृष्ण अहवाल लावावा, त्याला जोडून भारताचा रोममधला आक्षेप वाचायला द्यावा, आणि सत्राअखेर विद्यार्थ्यांकडून वरिष्ठाच्या जबाबदारीचे एक कलम लिहून घ्यावे. मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण पंचनामा आणि जबाब त्याच भाषांत होतात.