समर्थांचं शुद्धलेखन तपासणाऱ्यास

इकडे ये. वही घेऊन ये. वाच, मोठ्याने वाच काय लिहिलंयस ते. ‘मनाच्या श्लोकांत यमक छान जुळले आहे, वृत्तामुळे लय सुंदर झाली आहे, पुनरुक्तीमुळे गोडवा वाढला आहे.’ छान, सुंदर, गोड! अरे, हे रसग्रहण झालं की पंगतीत जिलबीला दिलेली दाद?

आणि वर समासात काय दिवे लावलेस? ‘रघूनायक’मधला ऊकार दीर्घ दिसला म्हणून शुद्धलेखनाची चूक काढलीस. साक्षात समर्थांची! भुजंगप्रयात म्हणजे १२ अक्षरं, चार य गण, हे घडाघडा म्हणतोस ना? मग य म्हणजे लघु-गुरु-गुरु. आता तिथे तुझा ऱ्हस्व ‘रघु’ बसव. ‘रघुना’: लघु, लघु, गुरु. झाला स गण. पाचाच्या चार मात्रा केल्यास आणि वर लिहितोस, लय सुंदर! ‘दीनानाथ’चं ‘दिनानाथ’ का झालंय? चरणाचं पहिलं अक्षर लघुच लागतं म्हणून. तिथे नाही पेन्सिल चालवलीस? दिसलंच नसेल.

‘मना’ पुन्हा पुन्हा का येतं, तर म्हणे ‘मनाला उपदेश आहे म्हणून’. अर्धं उत्तर. ‘म’ लघु, ‘ना’ गुरु. ही हाक चरणाच्या तोंडाशी आयती बसते. तिथे ‘बाळा’ म्हटलं असतं तर पहिल्याच अक्षराला वृत्त मोडलं असतं.

यमकाची तर तू जातच पाहिली नाहीस. ‘रामदासाभिमानी’ या शब्दावर संपणारा चौथा चरण ओळीने कितीतरी श्लोकांत जसाच्या तसा येतो. पहिल्या दोन चरणांचं यमक त्यांचं त्यांचं. तिसऱ्याला मात्र त्या ठरलेल्या ‘नी’कडे वळावंच लागतं. कधी ‘विमानी’, कधी ‘शूलपाणी’. हो, ‘णी’सुद्धा चालवून घेतलाय, कानाला विचार! त्यामुळे तिसरा चरण संपायच्या आत चौथा ऐकणाऱ्याच्या ओठांवर येतो. दर श्लोकात रामाच्या सामर्थ्याचा दाखला नवा, आश्वासन मात्र तेच. घाबरलेल्या माणसाला तेच पुन्हा ऐकायचं असतं. याला तू गोडवा म्हणतोस?

मान खाली घालून उपयोग नाही. उद्या त्यातले पाच श्लोक लिहून आण. लघूला अर्धचंद्र, गुरूला आडवी रेघ, एकही अक्षर सोडायचं नाही. आणि त्यात कुठे ‘सुंदर’ हा शब्द सापडला, तर वही खिडकीबाहेर जाईल. चल, पुढचा कोण आहे?