पाहुण्यांना हेच आवडतं

मुरुडमध्ये पाहुण्यांना खोल्या भाड्याने देणाऱ्या एका कुटुंबाने ओटीवरचा झोपाळा विकला. टेम्पोत चढवताना निम्म्या मुरुडने तो पाहिला, उरलेल्यांनी मोबाइलवर. सागवानी फळी आणि पितळी कड्या गेल्या. त्या जागी आता वेताची नक्कल करणारी प्लास्टिकची टांगती खुर्ची आहे आणि मागे भिंतभर प्लास्टिकची वेल. घर त्यांचं, झोपाळाही त्यांचाच. विकला, यात बेकायदा काही नाही. मला संताप आला तो उत्तराचा. "काय करणार, पाहुण्यांना हेच आवडतं."

मुरुडपासून काशीदपर्यंत ज्याने ज्याने घरात खोल्या भाड्याने द्यायला काढल्या, त्याच्या तोंडी हेच वाक्य. जुन्याला वाळवी लागते, नवं हप्त्यावर मिळतं, हीसुद्धा कारणं असतात. त्यांत तथ्य आहे, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण पाहुण्यांची आवड? कुठल्या पाहुण्याने ती कळवली? तो शनिवारी दुपारी येतो आणि रविवारी जेवून निघतो. त्याला मासळी ताजी हवी, अंघोळीला गरम पाणी हवं, चादर धुतलेली हवी. राजपुरीहून जंजिऱ्याची होडी कधी सुटते, हे तो दोनदा विचारतो. सोफा राखाडी आहे ना, असं फोनवर विचारून खोली ठरवणारं गिऱ्हाईक मला अजून कुणी दाखवलेलं नाही. राखाडी सोफा त्याच्या फ्लॅटमध्ये आहेच. त्यापासून दोन दिवस सुटका हवी म्हणून तर तो घाट उतरून येतो. आवड आपली असते; ती आपली म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून पाहुण्याला पुढे करायचं. हौस असेल तर सरळ हौस म्हणा. हौसेने घर सजवणाऱ्याला मी कधी नावं ठेवली नाहीत. (प्लास्टिकच्या वेलींना ठेवली आहेत, आणि ठेवत राहणार.)

मी त्या घरी जाऊन आलो. ओटीवर नवा सोफा आहे, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. घरातल्या आजी त्यावर एकदा बसल्या की उठवायला नातू लागतो. झोपाळ्यावर होत्या तेव्हा कडीला धरून, पाय टेकवून त्या आपल्या आपण उठत. आता त्या मागच्या पडवीत असतात. पुढे बसल्या तर पाहुण्यांच्या फोटोत येतात, असं सूनबाई म्हणाल्या. तेही अगदी सहज. घर कसं लावायचं हे रोज त्यात उठणाऱ्या-बसणाऱ्याला आधी विचारायचं असतं. इथे त्या माणसालाच उचलून मागे ठेवलं.

विचारायचं दुसरं कोणी असेल तर समुद्राला. भुसा आणि गोंद दाबून केलेलं कपाट खाऱ्या, ओल्या हवेत एका पावसाळ्यात तळाशी फुगतं, स्क्रू ढिले पडतात, बिजागऱ्या गंजतात. फणसाचं लाकूड ताजं असताना पिवळंधमक दिसतं, वर्षं जातील तसं तांबूस होत जातं आणि वाळवीलाही सहज दाद देत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वाड्यांमधले किती फणस, किती आंबे आडवे झाले आणि त्यातले किती ओंडके जळणात गेले ते आठवा. त्याच वर्षी डिसेंबरात तुर्भ्याला आयकिया उघडलं. तिथे जाऊ नका असं मी म्हणत नाही. वस्तू टिकणारी आणि घरच्यांना सोसणारी असली तर ती कुठूनही आणा. पण घरचं लाकूड चुलीत घालून दुकानात लाकडी दिसणारा कागद चिकटवलेलं टेबल शोधत फिरणं मला बघवत नाही.

ज्याला हे पटत नाही त्याने आपल्या मनासारखं करावं. घराघरांत शिरून मी कुणाला अडवणार नाही. आजींसाठी मात्र ओटीवर एक उंच, दणकट हातांची खुर्ची परत यायला हवी. गावातले सुतार हल्ली कारखान्यातून आलेली कपाटं जोडून देण्याच्या कामाला जातात. त्यांच्यातल्या एखाद्या जुन्या माणसाला बोलवा. लाकडाला हात लावण्याआधी तो आजींना बसायला सांगेल आणि गुडघ्याची उंची मोजून घेईल.