तुम्ही व्हा पुढे



मे महिन्याच्या सुटीत आपल्या धर्मग्रामातील आम्ही अकरा जण दोन दिवसांच्या सहलीला गेलो होतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. वसईहून पेण, वडखळ, अलिबाग आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड असा बेत होता. परतल्यावर भेटेल तो विचारत होता, "फादर, मजा आली ना?" मजा आली. परंतु एक गोष्ट मनात अडकून राहिली आहे. सहलीच्या फोटोंत ती दिसत नाही, म्हणून येथे लिहीत आहोत.

रेवदंड्याचा पूल ओलांडला की कुंडलिका खाडीच्या मुखाशी कोर्लईचा डोंगर दिसतो. तीन बाजूंना पाणी आणि वर पोर्तुगीजांचा किल्ला. उंची फार नाही, तीनशे फुटांच्या आतबाहेर. आमच्यातील तरुण मुले सह्याद्रीतील मोठे गड चढलेली. त्यांनी गाडीच्या खिडकीतूनच निकाल दिला, "ही तर टेकडी आहे. अर्ध्या तासात वर जाऊन खाली येऊ." आम्हा सर्वांना ते पटले.

पहाटे निघायचे ते उशिरा निघालो, वाटेत वाहनांच्या रांगेत अडकलो आणि पायथ्याशी पोचेपर्यंत साडेअकरा वाजले. दीपगृहाच्या बाजूने सोपी वाट आहे, हे कोणाला विचारले असते तर कळले असते. आम्ही गावाच्या बाजूने दिसली ती पायवाट धरली. काही वेळातच ती वाट उभी झाली. सुटे दगड, वाळलेल्या गवतावरून घसरणारी पायताणे, सावलीला झाड नाही आणि डोक्यावर मे महिन्यातले कोकणातले ऊन. बाटल्यांतले पाणी कोमट झाले. बोलणे बंद झाले.

आमच्यात सर्वांत ज्येष्ठ होते ते एकाहत्तर वर्षांचे. येथे त्यांना काका म्हणू. अर्ध्या चढावर एका पडक्या दगडी बांधाशी ते थांबले. गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत होते. आम्ही विचारले, "काका, आम्ही थांबू का? की सगळेच परत फिरू?" ते हसून म्हणाले, "नको नको. एवढ्या लांब आलात. तुम्ही व्हा पुढे, मी येथे बसतो."

आम्ही त्यांना पाण्याची एक बाटली दिली आणि पुढे झालो. पुढे जाणाऱ्यांत हे लिहिणारा पहिला होता.

वर काय पाहिले ते थोडक्यात सांगतो. पडके दरवाजे, पावसाचे पाणी साठवण्याच्या टाक्या, जुन्या तोफा आणि छप्पर नसलेले चर्च. १५९४ साली पोर्तुगीजांनी हा डोंगर निजामशाहीकडून घेतला. १७३९ साली आपला वसईचा किल्ला पडला आणि पुढच्याच वर्षी चौल, रेवदंडा, कोर्लई हा सारा मुलूख मराठ्यांकडे गेला. पोर्तुगीज निघून गेले. येथील गरीब ख्रिस्ती माणसे मात्र मागे राहिली. आजही कोर्लई गावात ती पोर्तुगीज वळणाची एक बोली बोलतात आणि तिला 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. छप्पर नसलेल्या त्या चर्चमध्ये उभे राहून मुलांना हा इतिहास सांगताना आम्ही अगदी रंगून गेलो. मागे राहिलेल्या माणसांविषयी आम्ही बोलत होतो, आणि आमचा एक माणूस खाली उन्हात मागे राहिला होता. हा विरोध तेव्हा कोणाच्याच लक्षात आला नाही.

अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला. खाली आलो तेव्हा काका बांधाशी नव्हते. बांधाची सावली कधीच सरकून गेली होती. आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा होऊ नये म्हणून ते एकटेच उतरू लागले होते आणि घसरून पडले होते. आम्हाला ते बरेच खाली दिसले. घोटा सुजला होता, चेहरा उन्हाने लाल झाला होता. त्यांच्या शेजारी गावातील एक भगिनी बसली होती. पावसाळ्याआधीचे सरपण घेऊन ती घरी निघाली होती. मोळी बाजूला ठेवून तिने आपल्या पदराची सावली काकांच्या डोक्यावर धरली होती.

डॉक्टरांनी घोट्याला पट्टी बांधली, काम लचकण्यावर निभावले. काका आता बरे आहेत आणि रविवारी नेहमीच्या बाकावर असतात. पण आमच्यापुढचा प्रश्न सुटलेला नाही. काकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले होते, "तुम्ही व्हा पुढे." आम्ही त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. मग आमचे काही चुकले का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रातील एक उदाहरण आमच्यापुढे आले होते. वादळात सापडलेले जहाज वाचवण्यासाठी खलाशी आपला माल समुद्रात फेकतात. हा माल त्यांनी स्वखुशीने फेकला असे म्हणावे का? ॲरिस्टॉटल म्हणतो, ही कृती मिश्र आहे. त्या क्षणी त्यांनीच निवड केली, म्हणून ती त्यांची स्वतःची कृती ठरते. परंतु वादळ नसते तर शहाणा माणूस आपला माल पाण्यात टाकील का? मुळीच नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनीही हेच उदाहरण घेऊन भीतीपोटी केलेल्या कृतीचा विचार केला आहे.

परीक्षेत या प्रश्नाचे उत्तर लिहून आम्ही गुण मिळवले होते. कोर्लईच्या चढावर मात्र ते आठवले नाही. काकांचे "तुम्ही व्हा पुढे" हा वादळात फेकलेला माल होता. त्यांना किल्ला पाहायचा होता, आमच्याबरोबर राहायचे होते. ते शक्य नाही असे दिसल्यावर त्यांनी आपली इच्छा समुद्रात सोडली, आमचे जहाज हलके केले. आणि आम्ही? तो माल त्यांनी हौसेने दिलेली भेट आहे, असे समजून निघून गेलो. तसे समजणे आम्हाला सोयीचे होते.

येथे कोणी म्हणेल, "फादर, एका माणसासाठी दहा जणांनी किल्ला सोडायचा का? आणि ज्येष्ठांच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही? त्यांनी नको म्हटल्यावरही त्यांच्याभोवती घोळका करून बसणे हा त्यांचा अपमान नाही का?" हा आक्षेप खरा आहे. काकांनीही नंतर आम्हाला हेच सांगितले, "माझ्यामुळे सगळे परत फिरले असते, तर मला घोट्यापेक्षा ते जास्त दुखले असते." म्हणून दुबळ्यासाठी सर्वांनी नेहमीच थांबावे, असा सरसकट नियम आम्ही सांगत नाही.

परंतु दोन गोष्टी आम्हाला आता स्पष्ट दिसतात.

पहिली, आम्ही विचारले, पण उशिरा विचारले. पायथ्याशी विचारले असते तर काकांपुढे अनेक वाटा खुल्या होत्या. गावातल्या चर्चच्या सावलीत बसता आले असते, संध्याकाळी चढू असे सुचवता आले असते, दीपगृहाची वाट शोधता आली असती. अर्ध्या चढावर, दहा जण घाम पुसत उभे असताना, त्यांच्यापुढे एकच सभ्य उत्तर उरले होते. जेथे एकच उत्तर देता येते, तेथे विचारणे हा नुसता उपचार असतो.

दुसरी, आमचा प्रश्नच चुकीचा होता. "आम्ही थांबू का?" असे विचारून सर्व ओझे आम्ही काकांवर टाकले. "हो, थांबा" असे कोणता स्वाभिमानी माणूस म्हणेल? त्या कोर्लईच्या भगिनीने त्यांना असे काही विचारलेच नाही, हे काकांनी परतीच्या वाटेवर सांगितले. तिने मोळी खाली ठेवली आणि ती बसली. "तुम्ही जा बाई, तुम्हाला उशीर होईल," असे काका म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, "मी पण दमलेय." मग ती त्यांच्याशी आपल्या मुलांविषयी बोलत राहिली. ती खरोखर दमली होती की नाही, कोण जाणे. तिच्या बसण्याने काका कोणाचे उपकार घेणारे राहिले नाहीत, दोन दमलेली माणसे शेजारी बसली एवढेच झाले. आमच्या दहा जणांपैकी एकाला जरी हे सुचले असते, तरी बाकीचे नऊ निर्धास्तपणे वर जाऊ शकले असते.

बंधुभगिनींनो, हा चढ आपल्या घराघरांत आहे. जेवताना तुकडी कमी पडते, तेव्हा आई म्हणते, "मला आज मासळी नको वाटते." लग्नाला जाताना गाडीत जागा नसते, तेव्हा आजी म्हणते, "मी बरी आहे घरी, तुम्ही या जाऊन." मुलगा परदेशी नोकरीला निघतो, तेव्हा वडील म्हणतात, "आमची काळजी करू नको." हे सारे शब्द खोटे नाहीत, त्यांत प्रेम आहे. पण ते शब्द ऐकून किती चटकन आपण पुढे होतो! आपल्या आईला कोणती मासळी आवडते, हे आपल्यापैकी किती जणांना नक्की सांगता येईल?

सहलीला गेलेल्या आम्ही अकरा जणांनी ठरवले आहे की हिवाळ्यात पुन्हा कोर्लईला जायचे. सकाळी लवकर चढायचे, दीपगृहाच्या वाटेने. चाल किती ठेवायची ते काका ठरवतील, आणि तेही पायथ्याशीच. त्या भगिनीचे घर शोधून तिला भेटायचे आहे, कारण त्या दिवशी घाईत आम्ही तिचे नावही विचारले नाही.

हा लेख छापण्यापूर्वी काकांना वाचून दाखवला. "छापू का?" असे विचारल्यावर ते लगेच म्हणाले, "छापा की, माझे काय!" दोन दिवसांनी, त्यांच्या घरी जाऊन, चहा पिता पिता पुन्हा विचारले. तेव्हा त्यांनी एक वाक्य काढायला सांगितले. ते काढले आहे.