तिसऱ्या तारेचा गंधार

गिटारला सहा तारा असतात. चौथी, पाचवी आणि सहावी या जाड तारांवर वरून बारीक तार गुंडाळलेली असते. पहिली आणि दुसरी साध्या, गुळगुळीत असतात. या पाचांबद्दल कुणाचं भांडण नाही. भांडण तिसरीचं आहे. अकूस्टिकवर ती बहुधा गुंडाळलेली येते, इलेक्ट्रिकवर साधी. आज दुकानात जाऊन इलेक्ट्रिकच्या तारांचा सेट मागितलात तर दुकानदार विचारणारसुद्धा नाही, साधीच तिसरी हातात देईल. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून गिटार वाजवतोय. मलाही कधी कुणी विचारलं नव्हतं.

विचारलं आईने, पण तिच्या भाषेत. ती म्हणाली, "अरे, तुझा गंधार चढतोय."

दोन वर्षांपूर्वी ती मिरजेहून पुनावळ्याला आमच्याकडे राहायला आली. पेटी तिकडेच राहिली. फ्लॅटमध्ये पेटी ठेवायला जागा काढता आली असती, पण तेव्हा ते कुणाला सुचलं नाही आणि तीही बोलली नाही. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये एकादशीला भजन असतं. देहू इथून फार लांब नाही, त्यामुळे टॉवर कितीही मजल्यांचे झाले तरी ते चालू राहतं. तिथे तिला दोन अभंग म्हणायचे होते आणि पेटीवाले काका गावाला गेलेले. मी म्हटलं, मी करतो साथ. अॅम्प हळू ठेवला, आवाज अगदी स्वच्छ. अभंगाला कॉर्ड लावणं हाच मुळात गुन्हा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण गुन्हा करायचा तर नीट करावा.

आई काळी चारमध्ये गाते. म्हणून चौथ्या फ्रेटवर कॅपो लावायचा आणि ई मेजरचा आकार धरायचा. या आकारात सहा तारांवर तीन षड्ज येतात, दोन पंचम येतात आणि गंधार एकच येतो. तो येतो तिसऱ्या तारेवर. म्हणजे अख्ख्या कॉर्डला गोडवा देणारा एकमेव स्वर त्या वादग्रस्त तारेच्या वाट्याला आलाय, आणि आईचं बोट नेमकं तिथेच गेलं. मी ट्यूनर दाखवला. मोकळी तार छेडली की हिरवा दिवा लागत होता. टेस्ट पास झालीय आणि युजर म्हणतोय बिघाड आहे, अशी वेळ माझ्यावर रोज येते. तरी घरी तसं झाल्यावर मीही तेच उत्तर दिलं जे ऑफिसात देतो: माझ्याकडे तर बरोबर दिसतंय.

ती बरोबर होती. तार दाबली की थोडी ताणली जाते आणि ताणली गेली की सूर चढतो. किती चढतो, ते तारेच्या गाभ्याच्या जाडीवर असतं. साधी तिसरी तार म्हणजे सगळा गाभाच, साधारण सतरा हजारांश इंच पोलादाची एकच काडी. गुंडाळलेली तिसरी एकूण जाड असते, पण तिच्या आत पोलादाचा गाभा बराच बारीक असतो. वरचं वेटोळं वजन देतं, ताण सोसत नाही. त्यामुळे सूर तोच, ताणही जवळपास तेवढाच, पण बोटाने जरा जास्त दाबलं तर साधी तार लगेच चढते आणि गुंडाळलेली जागेवर राहते. बोट घट्ट पडणाऱ्यांचा गंधार साध्या तारेवर हमखास चढतो. माझं बोट घट्ट पडतं.

मग साधी तार आलीच कशाला? कारण तिचा हाच दोष दुसऱ्या बाजूने गुण आहे. बोटाने तार आडवी ओढून सूर वर नेणं, ज्याला गिटारवाले बेंड म्हणतात आणि आपण मींडीच्या नात्यातलं काहीतरी म्हणू शकतो, ते साध्या तारेवर सहज होतं. थोड्या ओढीला सूर भरपूर हलतो म्हणून. पन्नासच्या दशकात इलेक्ट्रिकच्या सेटमध्येही तिसरी गुंडाळलेलीच यायची. जेम्स बर्टनसारखे वादक बॅन्जोच्या बारीक तारा आणून गिटारवर चढवायला लागले. मग १९६२ च्या सुमाराला कॅलिफोर्नियात एर्नी बॉल या दुकानदाराने हलक्या तारांचे सेटच विकायला काढले. ब्लूज आणि रॉक त्या तारांवर वाढले आणि साधी तिसरी हा नियम झाला. गुंडाळलेली तिसरी आता जॅझवाल्यांच्या जाड सेटमध्ये उरली आहे. त्या लोकांना कॉर्ड खरे हवे असतात, ओढाताण नको असते.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की दोष आणि गुण हे दोन वेगळे आकडे नाहीत. दाबाला सूर किती हलतो, हा एकच आकडा आहे. तो मोठा असेल तर तार वळते आणि चुकते, लहान असेल तर तार खरी राहते आणि वळत नाही. वळणारी पण न चुकणारी तार कुणी बनवू शकत नाही. माणसांबद्दल आपण सहज म्हणतो की अमका समजूतदार आहे, फक्त जरा ठाम असायला हवा होता. त्या "फक्त"मध्ये आपण काय मागतोय, ते या तारेमुळे मला पहिल्यांदा कळलं.

मी गुंडाळलेली तिसरी आणली. एक तार बदलायची म्हणजे काम छोटं वाटतं, पण नटमधली खाच तिला अपुरी पडते, ती कानसून रुंद करावी लागते, पुलावरचं खोगीर पुन्हा मागेपुढे करावं लागतं. एक रविवार गेला. संध्याकाळी वाजवलं तेव्हा कॉर्ड एकदम शांत लागला. आई म्हणाली, "हां, आता बसला." माझे स्वतःचे सोलो मात्र गेले. ज्या ओढीला पूर्वी पूर्ण स्वर चढायचा तिथे आता जेमतेम अर्धा चढत होता आणि बोट दुखत होतं. मी स्वतःला सांगितलं की साथ करायची तर स्वतःची हौस बाजूला ठेवावी लागते. मला माझं कौतुकही वाटलं. त्याग करताना जे एक गोड फुगलेपण येतं, ते.

ते आठवडाभर टिकलं. मी तालमीचं रेकॉर्डिंग फोनवर करत होतो. एकदा आई ओट्याशी भाजी चिरता चिरता तंबोऱ्याच्या अॅपवर तोच अभंग गुणगुणत होती, तेही रेकॉर्ड केलं. रात्री हेडफोन लावून दोन्ही एकापाठोपाठ ऐकले तेव्हा गंधार वेगळा वाटला. मग सूर मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातले. तंबोऱ्याबरोबर तिचा गंधार षड्जापासून ३८७ सेंटांच्या आसपास. माझ्याबरोबर ३९६. शंभर सेंट म्हणजे पेटीतल्या दोन शेजारच्या स्वरांमधलं अंतर.

आकडे अनोळखी नव्हते. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. तो मूळ तारेच्या कंपनाच्या पाचपट कंपनाचा स्वर आहे. खाली आणून मोजला तर षड्जाशी ५:४ या प्रमाणात बसतो, म्हणजे ३८६ सेंट. गिटार आणि पेटी यांनी सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेत, त्यांचा गंधार बरोबर ४०० वर. चौदा सेंटांचा हा फरक माझ्या बोटाचा नाही, तारेचाही नाही. तो फ्रेट जिथे ठोकलेत तिथेच आहे. मी कितीही चांगली तार लावली असती तरी माझा "खरा" गंधार आईच्या गंधारापेक्षा चढाच असता. मग "आता बसला" ती का म्हणाली? कारण उरलेलं अंतर ती स्वतः चालून आली होती.

हे भांडण आपल्याकडे जुनं आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. आक्षेप हाच होता की तिचे स्वर ठोकून बसवलेले आहेत, तिला मींड येत नाही, श्रुती येत नाहीत. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. बंदी येण्याच्या तीस वर्षं आधी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं होतं, १९१० साली, आणि ई. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटी करवून घेतली होती. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली. मला हे सगळे माझे सहकारी वाटतात. वाद्य दुरुस्त करा, म्हणजे गाणाऱ्याला सरकावं लागणार नाही, असं त्यांना वाटलं. पण साध्या पेटीवर संगत करणारेही काही बहिरे नव्हते. आई सांगते, मिरजेला ती शिकायची तेव्हा पेटीवाला गंधारावर मुक्काम आला की हळूच हात उचलायचा. रॉकवालेही वेगळ्या कारणाने तेच करतात, डिस्टॉर्शन लावलं की गंधार कॉर्डमधून काढूनच टाकतात, नुसते षड्ज-पंचम ठेवतात. मी तसं करून पाहिलं. भिंती आहेत, छप्पर नाही, असा कॉर्ड लागला.

म्हणजे प्रश्न कोणती तार खरी हा नव्हता. दोघं एकत्र गातात-वाजवतात तेव्हा थोडं अंतर उरतंच. ते कोण चालतं, हा होता. गुंडाळलेली तार लावून मी स्वतःला न हलणारा केलं आणि त्याला खरेपणा म्हटलं. आई हलली, बोलली नाही. हलणाऱ्याचं हलणं ऐकूच येत नाही, ऐकू येतो तो फक्त जुळलेला सूर. आणि जुळलेला सूर ऐकून न हलणाऱ्याला वाटतं की आपण बरोबर होतो.

त्यानंतर काही दिवस मला घरात भलतंच दिसू लागलं. तालीम माझा शेवटचा कॉल संपल्यावर, म्हणजे साडेनऊला. मिरजेला ती पहाटे गायची. दुपारी कुकरच्या शिट्ट्या ती माझ्या मीटिंगच्या आधी उरकते. पेटी आणली नाही. यातलं काहीच मी मागितलेलं नव्हतं, हे खरं आहे. फ्रेटही काही मागत नाहीत.

आईला विचारलं, तू गंधार वर नेतेस हे तुला माहीत आहे का. ती म्हणाली, "साथीला बसलं की एवढं होतंच. तू कशाला मोजत बसलास?" तिला यात अन्याय दिसत नव्हता, आणि मी तो तिच्यावर लादावा असंही मला वाटत नाही. स्वतःहून हलण्यात गाणाऱ्याचा एक मोठेपणा असतो, तो मी आकडे दाखवून हिरावून घेऊ नये. पण तिला चालतं म्हणून मलाही चालावं, हे मात्र पटेना.

साधी तार पुन्हा चढवली. रुंद केलेल्या खाचेत ती थोडी खुळखुळते, त्यात कागदाची बारीक चकती सारलीय. या वेळी ती ट्यूनरला विचारून लावली नाही. ई मेजर धरला, आईला गंधारावर थांबायला सांगितलं आणि कॉर्डमधलं थरथरणं थांबेपर्यंत तिसरी खाली उतरवत गेलो. आता या तारेचे बाकीचे स्वर उतरलेले लागणार. पण या अभंगाला मला तीन कॉर्ड पुरतात, ई, ए आणि बी सेव्हन, आणि गंमत म्हणजे तिन्हींत तिसरी तार मोकळी कधीच वाजत नाही, कायम बोटाखाली असते. ए आणि बी सेव्हनला तिला जरा जास्त दाबून, किंचित आडवं ढकलून वर न्यायचं. साधी तार आहे, लगेच जाते. गुंडाळलेलीवरही जमलं असतं, पण प्रत्येक वेळी झटावं लागलं असतं. ज्या दोषामुळे तार काढली होती त्याच दोषावर आता सगळं चाललंय.

हे प्रत्येक कॉर्डला करावं लागतं. लक्ष गेलं की मध्यम उतरलेला लागतो. गाणं बदललं, कॉर्ड बदलले की सगळा हिशेब नव्याने. क्लबहाऊसमध्ये पहिल्या अभंगाला माझं दोनदा चुकलं, आणि दुसऱ्यांदा आईने माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या विंगमधल्या एका कॉलेजच्या मुलाने, जो स्वतः गिटार शिकतोय, भजन संपल्यावर फोनवरचा ट्यूनर माझ्या गिटारजवळ धरला. तिसऱ्या तारेला लाल दिवा लागला. "दादा, ही उतरलीय," तो म्हणाला आणि खुंटीला हात घालू लागला.

"राहू दे रे ती," आई टाळ पिशवीत भरता भरता म्हणाली.