गाव मत देत नाही, माणूस देतो

निवडणुकीचा निकाल लागतो आणि गावोगाव दुसरी मोजणी सुरू होते. कोण आला, कोण पडला हे दुपारीच कळलेले असते. संध्याकाळी पारावर एकच विषय असतो : आपल्या गावाने लीड किती दिला? शे-दीडशे घरांच्या गावाला बूथ एकच. त्याचे आकडे मोबाइलवर येतात आणि समोरच्या उमेदवाराला चाळीस मते जास्त पडलेली दिसतात. लगेच मतदार यादी उघडली जाते. पोलिंग एजंट दिवसभर आत बसलेला असतो, कोण येऊन गेले हे त्याने खुणा करून ठेवलेले असते. बोट एकेका नावावरून सरकू लागते. ‘हे भावकीतलं घर, हे फुटायचं नाही.’ ‘धाकट्या सुनेचं माहेर तिकडचं, तिथं बघा.’ मत कुणी दिले हे कुणालाच ठाऊक नसते, पण रात्रीपर्यंत संशयितांची यादी तयार होते.

‘आमचं गाव अमक्याचं’ हे वाक्य आपण सहज बोलतो. पण गाव असे कुणाचे असते का? सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातले मारकडवाडी हे गाव डिसेंबर 2024 मध्ये देशभर गाजले. विधानसभेचा निकाल लागला, गावातले बूथचे आकडे अनेक गावकऱ्यांना पटले नाहीत, म्हणून त्यांनी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेण्याचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि ते मतदान झाले नाही. यंत्रावरच्या शंकेचा वाद आपल्या जागी आहे आणि शंका विचारण्याचा नागरिकाचा हक्क मला मान्य आहे. मला अस्वस्थ करतो तो त्यातला दुसरा प्रश्न. ते मतदान झाले असते, तर कालपर्यंत गुप्त राहिलेले मत गावाच्या नजरेखाली पुन्हा द्यावे लागले असते. गावाच्या कौलाविरुद्ध गेलेली, एकट्याने राहणारी बाई त्या दिवशी काय करती?

कायद्याने हा धोका ओळखला होता. मत कुणाला दिले हे सांगण्याची सक्ती कुणावरही करता येत नाही, असे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 94 सांगते. मतपत्रिकांच्या काळात, मतदारांवर दडपण येण्याची किंवा सूड उगवला जाण्याची भीती असेल तिथे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमात होती. यंत्र आले, मोजणी बूथनिहाय झाली आणि ही आडोशाची भिंत पडली. चौदा यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारे ‘टोटलायझर’ नावाचे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने 2008 मध्ये मांडला. विधी आयोगाने 2015 च्या अहवालात त्याला दुजोरा दिला. केंद्र सरकारने मात्र विरोध केला. बूथनिहाय आकड्यांमुळे आपण कुठे कमी पडलो हे उमेदवाराला कळते, असा त्यामागचा युक्तिवाद होता. उमेदवाराला कळते हे खरेच, पण कळल्यावर तो काय करतो हेही पाहिले पाहिजे.

मायनस गेलेल्या गावाचा पाणंद रस्ता मागे पडतो. विहिरीच्या प्रस्तावात त्रुटी निघते. मजुरीवर जाणाऱ्याला हंगामात ‘यंदा माणसं पुरेशी आहेत’ असे ऐकावे लागते. ग्रामपंचायतीला तर प्रभागच काही शे मतांचा, उमेदवार चुलत भाऊ आणि प्रतिस्पर्धी मावसभाऊ. तिथे पॅनेल पडले की लग्नपत्रिका थांबतात आणि बांधावरचे बोलणे तुटते. या सगळ्याची सर्वांत जड किंमत ज्याच्याकडे जमीन नाही, जात मोठी नाही किंवा घरात कर्ता पुरुष नाही, तो मोजतो. ज्याला सोसायटीचे कर्ज, शेताची वाट आणि रोजचे काम दुसऱ्याच्या मर्जीवर मिळते, त्याच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे एकच असते : बटण दाबण्याचा तो एक क्षण. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत इशारा दिला होता, की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, असे विसंगतीचे जगणे आपण सुरू करतो आहोत. ती विसंगती जिथे रोज भोगावी लागते, तिथे गुप्त मत हेच दुबळ्याचे बळ आहे. तेच उघडे पाडणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

आमदाराचा निधी हा जनतेचा पैसा आहे. तो लीडचे बक्षीस म्हणून देणे किंवा मतांची शिक्षा म्हणून अडवणे, दोन्ही सारखेच अधर्माचे. टोटलायझरचा प्रस्ताव पुन्हा विचारात घ्यायला हवा. पण कायदा बदलण्याची वाट न पाहता करण्यासारखे आपल्या हातात पुष्कळ आहे. घरच्या वडीलधाऱ्यांनी सुनेला, मुलाला ‘कुठं दाबलंस?’ असे विचारू नये. पुढाऱ्याने पडलेल्या मतांचा माग काढू नये. गुलाल अंगावर असताना विरोधात गेलेल्या शेजाऱ्याच्या दारापुढे फटाके वाजवू नयेत.

पुढच्या निकालाच्या संध्याकाळी तुमच्या पारावर मतदार यादी उघडली गेली, तर ती तिथेच मिटायला सांगा. सगळे गप्प बसले तरी तुम्ही सांगा. शेजाऱ्याने कुणाला मत दिले हे न विचारणे, हे शेजाऱ्याचे कर्तव्य आहे.