शक्यतेचे प्रामाण्य

न्यायदर्शनात अनुमानाची उदाहरणे पावसाची आहेत. ढग दाटून आलेले पाहून पाऊस येणार हे कळते, नदीचा पूर पाहून वर कुठेतरी पाऊस होऊन गेला हे कळते, असे न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन सांगतो. आक्षेपही सूत्रांतच नोंदवला आहे: पाणी अडल्यानेही नदी फुगते, पावसाची खूण मानलेल्या मुंग्या वारूळ मोडल्यानेही अंडी घेऊन निघतात, तशीच खूण मानलेला मोराचा आवाज माणूसही काढतो. उत्तर असे की दोष अनुमानाचा नाही, अर्धवट खुणेवर विसंबणाऱ्याचा आहे. पुराचे पाणी फेसाळते, काडीकचरा वाहून आणते, अडलेले पाणी तसे नसते. आता समजा, मराठवाड्यात येत्या ऑगस्टमध्ये सरासरीपेक्षा कमी पाऊस पडण्याची शक्यता ५० टक्के आहे, असा मासिक अंदाज आला. हे ज्ञान, की आकड्यांत मांडलेला संशय? नैयायिकांच्या लेखी संशय हे प्रमाण, म्हणजे खऱ्या ज्ञानाचे साधन, नव्हे.

माझ्या मते हे ज्ञानच आहे. आजच्या समुद्राची आणि वातावरणाची स्थिती किंचित बदलून हवामानाचे मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतात आणि त्यांतल्या किती वेळा पाऊस कमी आला, यावरून शक्यता काढतात. कमी, सरासरीइतका आणि जास्त हे तीन गट मुळात सारख्या शक्यतेचे धरलेले असतात. काहीच कळले नसते तर प्रत्येकाच्या वाट्याला ३३ टक्के आले असते. ५० म्हणण्याइतके जे कळले, त्यामागे कारण आहे. आजच्या ढगांचा ठसा दोनेक आठवड्यांत पुसतो, पण प्रशांत महासागराचे तापलेले पाणी महिनोन्‌महिने तसेच राहते आणि उष्ण कटिबंधातल्या पावसाला वळण देते. चार्नी आणि शुक्ल या हवामानशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलेला विचार हाच. कारणावरून कार्याकडे जाणारे हे अनुमान दाटलेल्या ढगांच्याच जातीचे आहे.

पण व्याप्ती, म्हणजे खूण आणि पाऊस यांचा अटळ संबंध, कुठे आहे, असे कोणी विचारेल. १९९७ मध्ये एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचे हेच तापणे, प्रबळ होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ मध्ये सरासरीइतक्या पावसाचा अंदाज होता आणि जुलैत निम्माच पाऊस पडला. आक्षेप खरा आहे. मात्र शक्यता सांगणारा निरपवाद व्याप्तीचा दावाच करत नाही. जेव्हा जेव्हा ५० टक्के म्हटले, त्यांतले सुमारे निम्मे महिने कोरडे निघावेत, एवढाच त्याचा दावा. तो तपासता येतो आणि खोटाही ठरू शकतो. ज्ञानाचे प्रामाण्य त्यावर विसंबून केलेली कृती फळते की नाही यावरून ठरते, हे नैयायिकांचेच मत. इथे ती कृती अनेक वर्षांची असते, इतकेच. देशभराच्या अंदाजात जितका दम असतो तितका एका विभागाच्या अंदाजात नसतो, हेही विसरू नये. त्यातून आपल्या तालुक्याचा पाऊस वाचणारा मुंग्यांवरून पाऊस ठरवणाऱ्याचीच चूक करतो.

खरा अवघड आक्षेप वेगळा आहे. सोयाबीन पेरणाऱ्याच्या हाती यंदाचा एकच खरीप असतो. अंदाजाचे सत्य वीस वर्षांत दिसणार, कर्जाचा हप्ता मात्र यंदाच भरायचा. हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्यामुळे अंदाज अप्रमाण ठरत नाही. त्यावर कोणी कृती करायची, हे ठरते. ज्यांच्यापाशी अनेक जिल्हे आणि अनेक वर्षे आहेत त्या शासनाला, पीकविमा देणाऱ्या कंपन्यांना, धरणाचे पाणी वाटणाऱ्यांना ही शक्यता थेट वापरता येते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पाऊस सरासरीहून कमी राहील, असे आधी सांगितले गेले होते. प्रत्यक्षात देशभरात ३६ टक्के तूट आली, १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा अंदाजावर जुलैअखेरीसच चाऱ्याची आणि टँकरची तरतूद केली आणि एखाद्या वर्षी पाऊस भरपूर झाला, तर तो खर्च चुकला असे म्हणता येणार नाही. त्याचा हिशेब त्या एका वर्षाच्या वहीत मांडायचाच नसतो.