जटेचं उद्यापन



आजचं वाचन गीतेचा सतरावा अध्याय, श्लोक ५ आणि ६, आणि मग १४, १५. मागच्या वेळी हा अध्याय आला तेव्हा मी तुम्हाला श्रद्धेचे तीन प्रकार, आहाराचे तीन प्रकार असं सगळं टेबल करून दिलं होतं. इंजिनिअरची खोड. या वेळी टेबल नाही, कारण मधल्या काळात हा अध्याय माझ्या घणसोलीच्या वन बीएचकेमध्ये राहायला आला होता. आत्याच्या रूपानं.

आत्या गडहिंग्लज तालुक्यातल्या एका गावची. २००९ साली मामा (आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात) चार महिने अंथरुणाला खिळून होते. त्यांचं सगळं आत्याच करायची, स्वतःच्या डोक्याला फणी लावायलाही तिला फुरसत नव्हती. मामा गेले. दिवसकार्य उरकल्यावर ती विंचरायला बसली, तर मागचे केस एक झालेले, सुटेचनात. गावातल्या एका वयस्कर जोगतिणीनं हात लावून पाहिलं आणि सांगितलं, "आई आली. फणी लावू नको." वर हेही बजावलं की कात्री लावलीस तर घरातलं कोणीतरी जाईल. ज्या बाईचा नवरा महिन्यापूर्वी गेलाय, तिला हे सांगितलं. मग तिला सौंदत्तीला यल्लमाच्या डोंगरावर नेलं, जटेला भंडारा लावला आणि हातात परडी दिली.

त्याच वर्षी 'जोगवा' सिनेमा आला होता. केसात जट झाली म्हणून एका मुलीला देवीला सोडतात, तिची गोष्ट. आम्ही हॉस्टेलवर त्यातली गाणी रात्र रात्र ऐकायचो. माझ्या आत्याच्या डोक्यावर तेव्हा तेच वाढत होतं, आणि मला ते सिनेमातलं काहीतरी वाटत होतं.

पण एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर तुम्ही आत्याला बिचारी समजाल. नवरा गेल्यावर गावात हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावलं नसतं. जट आली आणि उलटंच झालं. मंगळवारी, शुक्रवारी बायका तिच्या पाया पडायला येऊ लागल्या. नवी सून आली की आधी तिच्याकडे आणायचे. दिरांनी शेताच्या वाटणीवरून तिला कधी त्रास दिला नाही, कारण देवीशी भांडणार कोण? जटेनं तिला मान दिला, जमीन राखून दिली. हे मला फार उशिरा कळलं.

मागच्या वर्षी मानेचं दुखणं वाढलं म्हणून ती माझ्याकडे आली. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, तिच्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, हे वजन उतरवा, मग बोलू. जट कमरेपर्यंत होती, मनगटाएवढी जाड, खाली दोन फाटे. सोळा वर्षं ती एकाच कुशीवर झोपत होती.

मग सुरू झालं आमचं रविवारचं काम. गावाकडे ती पुनवेला शिकेकाईनं न्हायची आणि गच्चीवर उन्हात बसायची, दुपारपर्यंत जट वाळायची. नवी मुंबईच्या जुलैमध्ये साधा रुमाल तीन दिवस वाळत नाही. जट वरून कोरडी लागायची आणि आत ओली राहायची. तिसऱ्या दिवशी वास यायचा. आत्याला तो वास कळायचा आणि ती माझ्यासमोर बसणं टाळायची. मी नेटवर शोधलं. आमच्या बंगळुरू ऑफिसमधल्या एका मुलीनं हौसेनं लॉक्स करून घेतलेत, तिलाही विचारलं. तिनं पहिलीच गोष्ट सांगितली ती अशी: धुण्यापेक्षा वाळवणं महत्त्वाचं, अगदी गाभ्यापर्यंत. चिकट काही मागे न ठेवणारा पातळ शाम्पू, भरपूर पाणी, टॉवेलनं दाबून दाबून पाणी काढायचं आणि मग ड्रायर. रात्री सॅटिनचं फडकं, म्हणजे केसात धागे-कचरा अडकत नाही. मुळाशी ताण येऊ द्यायचा नाही, नाहीतर तिथले केस कायमचे जातात. आत्याच्या कपाळावरचे केस कधीच गेले होते. मी दर रविवारी दीड तास ड्रायर धरून उभी, आणि आत्या पाटावर बसून यल्लमाची गाणी म्हणायची. खरं सांगू? त्या दीड तासाइतकं तिच्या जवळ मी आयुष्यात कधी बसले नव्हते.

एका रविवारी मी त्या मुलीला व्हिडिओ कॉल लावून दिला. आत्यानं तिचे लॉक्स निरखून पाहिले आणि विचारलं, "तुझ्या अंगावर कवा आली?" ती म्हणाली, "आली नाही आत्या, पार्लरमध्ये पैसे देऊन केली." आत्या पदर तोंडाला लावून हसली. "पैसे देऊन? आणि नको झाली तर?" "तर काढून टाकीन." आत्या गप्प झाली. कॉल संपल्यावरही बराच वेळ गप्प होती.

त्याच मुलीनं मला सांगितलं होतं की अमेरिकेत काळ्या बायकांना असे केस ठेवले म्हणून नोकरी नाकारली जायची, शाळेतून मुलांना परत पाठवायचे. कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. तिथे केस ठेवता यावेत म्हणून झगडा, आपल्याकडे काढता यावेत म्हणून. मला दोन्ही एकच झगडा वाटतो.

आता माझी चूक. आत्या गप्प झाली हे पाहून मला वाटलं, हीच वेळ आहे. लॅपटॉप घेऊन बसले. रोज जे केस गळतात ते विंचरले नाहीत तर उरलेल्या केसांत अडकतात, घाम, तेल, भंडारा यांनी घट्ट होतात, डॉक्टरांकडे याला नावसुद्धा आहे, सगळं सांगितलं. पोलंडमध्ये अशाच जटा होत्या, तिथेही कापली तर आजार येतो असं लोक मानायचे, आणि एकोणिसाव्या शतकात क्राकूवच्या योझेफ डिट्ल नावाच्या डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली, हेही सांगितलं. "आत्या, पोलंडमध्ये कुठली आलीय यल्लमा?"

"तिचं नाव तिकडं येगळं असंल," आत्या म्हणाली.

मी चिडले. आणि मग मी ते केलं ज्याची मला आजही लाज वाटते. गीता उघडली आणि ५-६ हे श्लोक तिला मोठ्यानं वाचून अर्थ सांगितला: शास्त्रानं न सांगितलेलं घोर तप करून जे शरीराला छळतात, ते आत बसलेल्या मलाही छळतात, त्यांना आसुरी समज. "बघ, कृष्ण काय म्हणतो!" सोळा वर्षं मान मोडेपर्यंत देवीचं ओझं वाहिलेल्या बाईला मी आसुरी म्हटलं होतं. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी पिशवी भरलेली. "मी जातो गावाकडं. तुला जड झालो." (आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, जातो, आलो.) कशीबशी थांबवली.

माझ्या भावाला फोनवर हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, तू डोकं कशाला लावतेस? उद्या सकाळी उठून सांग, देवी स्वप्नात आली, हिरवं लुगडं, मळवट भरलेला, आणि म्हणाली की माझी सेवा पोचली, आता ही उतरव. एका दिवसात काम होईल.

होईलच. मला शंभर टक्के खात्री होती. मान सुटेल, आत्या खूश, कोणाचंही नुकसान नाही. प्रॉडक्शनला हॉटफिक्स टाकावा तसं. रात्रभर मी स्वप्न रचत होते, लुगड्याच्या काठासकट.

पहाटे रोजच्याप्रमाणे अध्याय उघडला. त्याच अध्यायात, मी आत्याच्या अंगावर फेकलेल्या श्लोकांच्या पुढे नऊ श्लोकांवर, वाणीचं तप सांगितलंय. बोलणं कसं असावं? समोरच्याला अस्वस्थ न करणारं, खरं, गोड आणि हिताचं. आजवर मी हे चार पर्याय असल्यासारखं वाचायचे, त्यातले तीन जमले तरी पास. लॅपटॉपवर मी जे बोलले ते खरं होतं आणि हिताचं होतं, पण त्यानं ती कोसळली. स्वप्न गोड झालं असतं, हिताचं झालं असतं, तिला धीरही आला असता. फक्त खरं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्या चांगल्या कामासाठी एक खोटं चालतं. मीही स्वतःला तेच सांगत होते. अडचण वेगळीच दिसली. जट कशी आली होती? कोणीतरी म्हणालं, देवी बोलली. मी ती कशी उतरवणार होते? मी म्हणणार, देवी बोलली. म्हणजे केस गेले असते, पण कुलूप तेच राहिलं असतं, फक्त किल्ली त्या जोगतिणीकडून माझ्याकडे आली असती. उद्या तिसरी कोणी म्हणाली की देवी रागावलीय, तर आत्याकडे काय उत्तर होतं? बरं, ती जोगतीण खोटं बोलत नव्हती, तिचा स्वतःचा विश्वास होता. मी मात्र जाणूनबुजून बोलले असते. त्या हिशेबानं ती माझ्यापेक्षा प्रामाणिक.

चौदावा श्लोक शरीराच्या तपाचा. त्यात पूजा आहे, अहिंसा आहे आणि शौच, म्हणजे स्वच्छता. ती तर आम्ही दर रविवारी करतच होतो. मला वाटलं, निदान एवढं तप नीट चालू दे. मी आत्याची माफी मागितली आणि ड्रायर हातात घेतला. महिनाभर विषय काढला नाही.

त्या काळात संध्याकाळी मी तिला रामायण वाचून दाखवत होते, रोज थोडं. वनात जाताना गंगेकाठी राम आणि लक्ष्मण वडाचा चीक लावून जटा वळतात, तो भाग आधी येऊन गेला होता. आणि युद्धकांडाच्या शेवटी, राम नंदिग्रामात परत आल्यावर, शत्रुघ्न न्हावी बोलावतो. वाल्मीकींनी त्या न्हाव्यांचं वर्णन केलंय: कुशल, झटपट काम करणारे आणि हाताला हलके. आधी भरताचं स्नान होतं, मग लक्ष्मण, सुग्रीव, बिभीषण यांचं. शेवटी रामाच्या जटा उतरवल्या जातात, तो न्हातो आणि मग अभिषेक.

आत्यानं मला थांबवलं. "रामानं जट काढली?"

"हो."

"त्याला कायबी झालं न्हाई?"

"राज्याभिषेक झाला."

"चौदा वरसं," ती म्हणाली. मग बोटं मोजली. "माझी सोळा झाली."

मी एवढंच म्हणाले की व्रताला संकल्प असतो आणि उद्यापनही असतं. आणि घाईघाईनं जोडलं की तुला ठेवायची असेल तर ठेव, मी धूत राहीन. हे दुसरं वाक्य मी पूर्ण मनापासून म्हणाले का? नाही, थोडं कमी. पण खोटं नव्हतं, मी खरंच धूत राहिले असते. ही पण एक युक्तीच होती का, असा प्रश्न मला अजून पडतो. मी वाचन त्या सर्गापर्यंत आणलं तेव्हा पुढे काय येणार हे मला माहीत होतं. फरक एवढाच वाटतो की पुस्तक तिच्यासमोर उघडं होतं. ती प्रश्न विचारू शकत होती, आणि तिनं विचारले. स्वप्नाला प्रश्न विचारता येत नाहीत.

निर्णय तिनं आणखी अडीच महिन्यांनी घेतला. त्या काळात तिचं खरं भय कळलं. ते स्वतःसाठी नव्हतंच. "घरातलं कोणीतरी जाईल" यातलं कोणीतरी म्हणजे मी, आणि माझा भाऊ. आम्हाला काही होऊ नये म्हणून ती सोळा वर्षं एका कुशीवर झोपली होती. ज्याला मी अंधश्रद्धा म्हणत होते, त्याच्या आत हे होतं.

जट उतरवायला महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या एक ताई आल्या. हे नाव वाचून तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडेल, ठाऊक आहे, माझ्याही पडायची. पण डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या या समितीच्या माणसांनी हे काम गावोगाव जाऊन केलंय. पुण्याच्या नंदिनी जाधव, ज्यांचा मूळ व्यवसाय ब्युटी पार्लरचा, त्यांनी दोनशेहून जास्त बायकांच्या जटा सोडवल्यात. आपण, जे रोज सकाळी अध्याय वाचतो, आपण किती जणींच्या पाटामागे उभे राहिलो? आलेल्या ताईंनी आत्याला देवी आहे की नाही यावर एक शब्द ऐकवला नाही. तीनदा विचारलं, "काढू ना?" तिसऱ्यांदा आत्यानं स्वतः कात्री हातात घेतली, पहिली कट तिनं मारली, आणि माझ्याकडे बघत राहिली. मी पडते की काय, म्हणून.

मी उभीच होते.

पाऊण तास लागला. ताईंचा हात हलका होता. टक्कल केलं नाही, बोटभर केस राहिले. आत्यानं जट नव्या हिरव्या खणात गुंडाळली, हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. मार्गशीर्षातल्या पुनवेला ती स्वतः सौंदत्तीला घेऊन जाणार आहे, मी सोबत. गावात पाया पडणाऱ्या बायका आता येतील का, दीर काय म्हणतील, हे तिलाही माहीत नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव नीट आहे का हे मी तपासायला घेतलंय. जट जे काम करत होती ते आता कोणीतरी करायला हवं.

त्या रात्री ती दुसऱ्या कुशीवर झोपली. मी दोनदा उठून बघितलं.

सकाळी आरशासमोर उभी राहून म्हणाली, "फणी दे गं." मी माझी दिली. तिनं उलटसुलट करून पाहिली आणि परत केली.

"नवी आण. दुसऱ्याची फणी वापरू न्हाई, एवढं शिकलीस पण हे कुणी शिकवलं न्हाई व्हय तुला?"

राम कृष्ण हरी.